मोबाईल कंपनी बदलावी का? प्लॅन, रेंज आणि ग्राहकसेवा पारखायची कशी?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

घरात चार मोबाईल, चारही एकाच कंपनीचे. गेल्या सात वर्षांत त्यावर कुणी विचारही केलेला नाही. मागच्या महिन्यात बाबांचा फोन दोन दिवस 'नो सर्व्हिस' दाखवत होता. ग्राहकसेवेला पाच वेळा फोन केला आणि पाच जणांना तीच कथा पहिल्यापासून ऐकवली. तिसऱ्या दिवशी रेंज आपोआप आली. लगोलग मेसेज : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण करण्यात आले आहे.' समाधान कुणाचं झालं ते लिहिलं नव्हतं.

आता दुसऱ्या कंपनीकडे जावं म्हणतोय. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये. नाव दिलं की 'आमची भारी, तुमची भिकार' सुरू होतं. शिवाय एकाच कंपनीचा अनुभव दोन गल्ल्यांत दोन तऱ्हेचा असतो, त्यामुळे तुमच्या शिफारसीचा मला उपयोग नाही. मला पारखायचं कसं, ते सांगा.

आमच्या गरजा : मला कामासाठी हॉटस्पॉट लागतो. बायकोचे व्हिडिओ कॉल असतात. मुलगी दिवसभर काय बघते ते ती आणि तिचा फोन जाणे. बाबांना फक्त कॉल आणि ओटीपी. नव्या कंपनीचे दोन प्लॅन समोर आहेत. एक २८ दिवसांचा, 'अनलिमिटेड ५जी, रोज २ जीबी'. दुसरा मासिक बिलाचा, २४ महिन्यांचा करार आणि सोबत 'मोफत' फोन.

सरळसोट

रेंज बघा. बाकी सगळं नंतर.

नुसताच_वाचक

'अनलिमिटेड' आणि 'रोज २ जीबी' एकाच वाक्यात? धन्य आहे.

तारमास्तर

सरळसोट यांना अनुमोदन, पण रेंज बघायची म्हणजे कांड्या मोजायच्या नाहीत. किती सिग्नलला किती कांड्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम घालून एक फोन चार कांड्या दाखवेल आणि दुसरा दोन. आकडा बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनबद्दलच्या माहितीत सिमची स्थिती असते, तिथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८५च्या आसपास असेल तर निवांत झोपा. उणे १०५ म्हणजे कामचलाऊ. उणे ११५च्या खाली गेलं की कॉल तुटणार, बॅटरीही भराभर उतरणार, कारण फोन टॉवरपर्यंत पोचायला जीव तोडून ओरडत असतो.

आणि मोजायचं कुठे? गच्चीवर नाही. घरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात, दार लावून. लिफ्टजवळ, तळघरातल्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या ज्या खोलीत तुम्ही खरंच बसता तिथे.

कंपन्या ज्या लहरींवर काम करतात त्यांचा स्वभाव वेगवेगळा असतो. ७००-८०० मेगाहर्ट्झवाल्या लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांच्यावर जागा कमी. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी वेगाला जबरदस्त आणि भिंतीपुढे नाजूक. म्हणून रस्त्यावर ५जी धावतं आणि पलंगावर आडवं झालं की ४जी होतं. त्यात फसवणूक काही नाही, भौतिकशास्त्र आहे. फक्त जाहिरातीतला माणूस नेहमी रस्त्यावर उभा असतो.

बाबांचा फोन कोणता आणि किती जुना? हे आधी सांगा.

उंबरठा

बाबांचा फोन आठ वर्षांचा आहे. ४जी आहे. कॉल चालू असताना इंटरनेट बंद पडतं, एवढं माहीत आहे.

तारमास्तर

तीच शंका होती. त्यांचा कॉल ४जीवरून जातच नाहीये. कॉल लागला की फोन ३जी किंवा २जीवर उतरतो, बोलणं संपलं की परत वर चढतो. ज्या नेटवर्कवर खाली उतरायला ३जी-२जी शिल्लकच नाही, तिथे या फोनला इंटरनेट मिळेल पण कॉल लागणार नाही. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ सालात ३जी बंद केलं, तेव्हा असे कितीतरी चांगले चालणारे फोन मुके झाले.

ऑस्ट्रेलियात त्याहून चमत्कारिक प्रकार झाला. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस तिथलं ३जी गेलं. काही फोन रोजचे कॉल ४जीवरून व्यवस्थित करायचे, पण आपत्कालीन नंबर लावला की ३जीच शोधायचे. असे फोन नेटवर्कवरून बंदच करावेत असा नियम करावा लागला.

म्हणून बाबांचा नंबर हलवायच्या आधी नव्या कंपनीला फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय द्या (*#०६# दाबलं की दिसतो) आणि विचारा, 'या फोनवर तुमच्या नेटवर्कचे ४जी कॉल चालतात का?' 'फोन ४जी आहे ना, मग चालेल' हे उत्तर ग्राह्य धरू नका. फोनमध्ये सोय असली तरी त्या कंपनीने ते मॉडेल आपल्या यादीत घेतलेलं असावं लागतं.

जास्वंदी

मी गणिताची बाजू घेते.

२८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिन्याचा नव्हे. वर्षात १२ महिने, पण २८ दिवसांची रिचार्ज १३. (१३ गुणिले २८ म्हणजे ३६४, त्यामुळे एक दिवस उरतोच.) मासिक बिलाशी तुलना करायची तर एकाला १३ने गुणा, दुसऱ्याला १२ने, आणि मग वर्षाचे आकडे शेजारी ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा 'स्वस्त' प्लॅन महाग निघाला होता.

रोज २ जीबीचं असंच. कागदावर ५६ जीबी होतात, पण उरलेला डेटा मध्यरात्री मरतो. आमच्या घरी पाच दिवस अर्धा जीबीसुद्धा लागत नाही, कारण वायफाय आहे. एखाद्या दिवशी प्रवासात मात्र चार-पाच लागतात. म्हणजे वर्षभर न वापरलेल्या डेटाचे पैसे भरा आणि नेमक्या गरजेच्या दिवशी दुपारी तीनला हात वर करा. ज्यांचा वापर असा उड्या मारत होतो त्यांनी महिन्याचा एकत्र कोटा घ्यावा. रोज बसमध्ये तासभर मालिका बघणाऱ्याला रोजचा कोटा बरा. पण मालिका एचडीमध्ये बघत असाल तर नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार तासाला ३ जीबीपर्यंत जातात. चाळीस मिनिटांत २ जीबी खलास.

आता 'अनलिमिटेड'. कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही, वेग कमी होतो, म्हणून तो अनलिमिटेड. किती कमी? बारीक अक्षरात '६४ केबीपीएस' असं काहीतरी असतं. ते बिट आहेत, बाइट नव्हेत, तेव्हा ८ने भागा. सेकंदाला ८ केबी. ३ एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांच्या वर. नकाशा उघडेपर्यंत वळण मागे जाईल.

उंबरठा, चारही फोनच्या सेटिंग्जमध्ये मागच्या तीन महिन्यांचा वापर बघा आणि इथे टाका. वायफाय वगळून. मग बोलू.

तिरकस

'अनलिमिटेड' या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१४मध्ये एटी अँड टी या मोबाईल कंपनीवर खटला भरला. आरोप असा की अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनवर कंपनी ठरावीक वापरानंतर वेग पाडते, आणि काही ग्राहकांचा तर महिन्यात जेमतेम २ जीबी झाल्यावरच पाडला. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे ३५ लाखांहून जास्त ग्राहकांना हा प्रसाद मिळाला. २०१९मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वेगावरची बंधनं ठळकपणे सांगायचं कंपनीने मान्य केलं.

ठळकपणे म्हणजे काय, यावर पुढचा खटला होईलच.

तारमास्तर

जास्वंदी, सहमत. एक पुरवणी. वेग पाडणं आणि प्राधान्य घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात टॉवर रिकामा असला तरी तुम्ही रांगतच राहणार. दुसऱ्यात एरवी पूर्ण वेग मिळतो, पण टॉवरवर गर्दी झाली की आधी दुसऱ्यांना, मग तुम्हाला. स्वतःचे टॉवर नसलेल्या, मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेऊन सिम विकणाऱ्या स्वस्त कंपन्यांकडे हे दुसरं बऱ्याचदा असतं. 'त्याच टॉवरवर चालतं' हे त्यांचं म्हणणं खरं असतं. रांगेत कुठे उभं करतात ते सांगत नाहीत इतकंच. रात्री अकराला वापरणाऱ्याला फरक कळणार नाही. स्टेशनवर संध्याकाळी सातला कळेल.

हेडफोनवाली

मी काही वर्षं एका मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसलेय. कंपनी कोणती ते सांगणार नाही. उंबरठा यांच्या 'समाधानकारक निवारणा'बद्दल लिहायलाच हवं म्हणून लॉगिन केलं.

आमचा पगार, बढती, ओरडा, सगळं दोन-तीन आकड्यांवर चालायचं. एक, सरासरी कॉल किती मिनिटांचा. दोन, तोच ग्राहक ठरावीक दिवसांत पुन्हा फोन करतो का. तीन, तक्रार किती तासांत 'बंद' झाली. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याचं आपसात पटत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नीट ऐकून घ्यायचं तर वेळ लागतो, आणि वेळ घेतला की पर्यवेक्षक मागे येऊन उभा राहतो. तिसऱ्या आकड्याची गंमत अशी की तक्रार नेटवर्कवाल्यांकडे गेली आणि मुदत संपत आली की ती बंद केली जाते. दुरुस्त झाली म्हणून नव्हे, मुदत संपते म्हणून. तुम्ही परत फोन केलात की नवी तक्रार, नवा क्रमांक, घड्याळ पुन्हा शून्यावर. तुमची कथा पाच जणांना पहिल्यापासून सांगावी लागली ती यामुळेच. प्रत्येकाच्या दृष्टीने तुम्ही नवे होता.

म्हणून पहिला नियम : कधीही नवी तक्रार नोंदवू देऊ नका. 'माझी जुनी तक्रार पुन्हा उघडा' म्हणा आणि जुना क्रमांक सांगा. पुन्हा उघडलेली तक्रार वेगळ्या रकान्यात पडते, आणि तो रकाना वरच्या साहेबांना दिसतो. त्याची आम्हाला खरोखर भीती असायची.

दुसरं. फोन ठेवण्यापूर्वी म्हणा, 'तुम्ही नोंद काय लिहिलीत ती मला वाचून दाखवा.' चिडून नाही, साध्या आवाजात. मी स्वतः कितीतरी नोंदी 'ग्राहकास माहिती दिली' एवढ्याच लिहिल्या आहेत. वाचून दाखवायची वेळ आली की हात आपोआप सरळ चालतो.

तिसरं, शक्य असेल तिथे चॅट वापरा. चॅटवाला एकाच वेळी तीन-चार जणांशी बोलत असतो म्हणून हळू असतो, पण त्याने जे कबूल केलं ते तुमच्याकडे लेखी राहतं. खिडकी बंद करण्याआधी फोटो काढून ठेवा.

आणि 'तुमच्या भागात नेटवर्क अद्ययावत करण्याचं काम सुरू आहे' हे वाक्य आम्हाला पडद्यावर लिहून दिलेलं असायचं. कधी खरं असायचं. कधी खरं आणि कधी नुसतं लिहिलेलं, हे आम्हालाही कळायची सोय नव्हती.

सरळसोट

प्रतिसाद आवडला, पण एक प्रामाणिक प्रश्न. ग्राहकसेवा लागते किती वेळा? मी गेल्या चार वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. रेंज चांगली, प्लॅन स्वस्त, संपलं. न लागणाऱ्या गोष्टीसाठी जास्त पैसे का मोजायचे?

सांजवात

सरळसोट, मीही असंच म्हणायचे. मग एका शनिवारी दुपारी माझा फोन 'नो सर्व्हिस' झाला. वाटलं रेंज गेली असेल, येईल. दीड तासाने ईमेल बघितली तर दोन ठिकाणचे पासवर्ड बदलल्याच्या सूचना. कुणीतरी माझ्या नावाने 'सिम हरवलं' सांगून नवं सिम घेतलं होतं आणि माझे ओटीपी त्याच्या हातात पडत होते.

त्या दिवशी मला ग्राहकसेवा हवी होती, आणि ती आधी भाषा निवडा, मग नऊ दाबा, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं चाळीस मिनिटं चाललं. माणूस भेटला तेव्हा त्याने ओळख पटवायला त्याच नंबरवर ओटीपी पाठवला. जो नंबर चोराकडे होता! हे मी त्याला तीन वेळा सांगितलं. तो म्हणाला, 'मॅडम, सिस्टिम दुसरा पर्याय देत नाही.'

पैसे वाचले, ते बँकेने खातं गोठवलं म्हणून. मोबाईल कंपनीमुळे नाही. चार वर्षांतून एकदाच लागली ग्राहकसेवा.

तिरकस

सांजवात, वाईट झालं. हे कुणालाही होऊ शकतं. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर खातं असंच गेलं होतं, त्यांचा मोबाईल नंबर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊन. ट्विटरने मोबाईल कंपनीच्या सुरक्षेतल्या चुकीकडे बोट दाखवलं.

सरळसोट

बरं, शब्द मागे घेतो. सांजवातताई, मग उपाय काय?

सांजवात

नव्या कंपनीला मी पहिला प्रश्न हाच विचारला : 'नंबर बंद पडला असताना मी मीच आहे हे कसं सिद्ध करायचं?' एका कंपनीने सांगितलं, आधी ठरवलेला पिन द्या, तो नसेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः या, त्याशिवाय सिम बदलणार नाही. दुसऱ्या कंपनीला प्रश्नच कळला नाही. निवड सोपी झाली. आणि जिथे जिथे जमतं तिथे ओटीपीऐवजी फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावलं.

उंबरठा

मंडळी, दहा दिवसांचा अहवाल. (सांजवात, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. चौघांच्याही नंबरांना कंपनीकडे पिन लावून टाकला.)

माझ्या फोनमध्ये दोन सिम चालतात, म्हणून नव्या कंपनीचं छोट्या मुदतीचं एक सिम घेतलं. जुनी पहिल्या खणात, नवी दुसऱ्या खणात, आणि तारमास्तरांनी सांगितलं तसा आकड्यांचा तक्ता. मुलगी म्हणते बाबा घरभर फोन घेऊन भूत शोधल्यासारखे फिरतात.

रेंज : बैठकीच्या खोलीत दोन्ही सारख्या. मागच्या खोलीत जुनी उणे ११२, नवी उणे ९८. बाबांची खोली मागचीच! पार्किंगमध्ये दोन्हींना रेंजच नाही.

वेग : स्पीडटेस्टवर नवीचे १८० एमबीपीएस आले. खूश झालो. मग मुलीने फास्ट डॉट कॉम लावून दाखवलं, तिथे तेच ४०. कोणतं खरं?

वापर : मी महिन्याला ३१ जीबी (हॉटस्पॉट धरून), बायको ९, मुलगी ५८, बाबा ०.४.

तारमास्तर

दोन्ही खरी. स्पीडटेस्ट तुमच्या जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा तुमच्याच मोबाईल कंपनीच्या आवारातला असतो. म्हणजे बाहेरच्या जगात न जाता फाटकापर्यंत धावून वेळ नोंदवायची. फास्ट डॉट कॉम हे नेटफ्लिक्सचं आहे, २०१६पासूनचं, आणि ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. दोन्हींत एवढा फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर कंपनी व्हिडिओचा वेग मुद्दाम आवळतेय का, अशी शंका घ्यायला जागा आहे. काही प्लॅनमध्ये 'व्हिडिओ ४८०पी दर्जाचा' असं बारीक अक्षरात असतंच. सकाळ-दुपार-रात्र मोजा. फक्त रात्री नऊला फरक येत असेल तर ती नुसती गर्दी.

पार्किंगसाठी कुणीच कामाचं नाही. तिथे वायफाय पोचत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा.

जास्वंदी

बाबा ०.४ आणि तुम्ही त्यांना रोज २ जीबी घेऊन देणार होतात!

मुलीसाठी रोजचा कोटा नीट बसतो. बायकोला सगळ्यात लहान मासिक. तुमच्यासाठी मात्र 'हॉटस्पॉट' हा शब्द अटींमध्ये शोधा. अनलिमिटेड फोनपुरतं आणि हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा, असं पुष्कळ ठिकाणी असतं.

हेडफोनवाली

उंबरठा, ग्राहक व्हायच्या आधीच ग्राहकसेवेची परीक्षा घ्या. एकच अवघड प्रश्न तीन वाटांनी विचारा. फोनवर, चॅटवर आणि दुकानात.

उंबरठा

विचारला. प्रश्न : 'कोटा संपल्यावर वेग किती राहतो आणि हॉटस्पॉटला तोच कोटा की वेगळा?'

फोन : 'सर, अनलिमिटेड आहे, काळजी करू नका.' दोनदा विचारलं. दोनदा काळजी करू नका.

दुकान : 'हॉटस्पॉट चालतो की! माझा चालतो.' स्वतःचा फोन काढून दाखवला.

चॅट : वीस मिनिटं लागली, पण बाईंनी अटींच्या पानाचा दुवा दिला, कलम सांगितलं. संपल्यावर ६४ केबीपीएस, हॉटस्पॉटला दिवसाला १ जीबी. वर म्हणाल्या, 'तुमचा वापर बघता मासिक बिलाचा प्लॅन जास्त सोयीचा, त्यात हॉटस्पॉट वेगळा मोजत नाहीत.' मी अवाक. पुढे त्यांनीच करारही वाचायला सांगितला.

आणि तिथे दोन गोष्टी सापडल्या. 'मोफत' फोनचा हप्ता दर महिन्याला बिलात लावतात आणि तेवढीच सूट देतात. मधेच सोडलं तर सूट बंद, उरलेले हप्ते एकदम. शिवाय फोन २४ महिने त्यांच्याच सिमला बांधलेला.

तिरकस

दरवाढीचं कलमही बघा. 'वार्षिक फेरआढावा' अशा गोड नावाने असतं. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने १७ जानेवारी २०२५पासूनच्या नव्या करारांत महागाईच्या टक्क्यावर बांधलेली दरवाढ बंद केली. वाढवायचं असेल तर किती पौंड, किती पेन्स आणि कधीपासून, ते सही करतानाच सांगायचं. बांधलेले फोन विकायला तर तिथे २०२१च्या डिसेंबरातच बंदी आली. तुमच्याकडे तसा नियम नसेल तर तुम्हालाच विचारावं लागेल.

जास्वंदी

फोन बाहेर रोखीने घ्या, प्लॅन नुसत्या सिमचा घ्या. २४ महिन्यांची बेरीज दोन्ही बाजूंनी करा. शून्य टक्के हप्त्यावर एखाद्याला खरंच फायदा होतो, नाही असं नाही. पण कंपनी सोडायची मोकळीक गेली की ग्राहकसेवेवर तुमचा वचकही गेला.

नुसताच_वाचक

ई-सिम घ्यावं का साधं? हा धागा वाचून मीही बदलणार आहे.

सांजवात

ई-सिम फोनच्या आतच बसवलेलं असतं, चोराला ते उपसून काढता येत नाही, हा मोठा फायदा. पण फोन फुटला तर साधं सिम टाचणीने काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, दोन मिनिटांचं काम. ई-सिमचा क्यूआर बहुतेक वेळा एकदाच चालतो, नव्यासाठी कंपनीच्या दारात जावं लागतं. दार कसं आहे त्यावर ठरवा.

हेडफोनवाली

नंबर नेताना होणाऱ्या चुकाही लिहून टाकते, रोज बघितल्यात. जुनी सेवा आधी बंद करू नका. बंद केलेला नंबर नेता येत नाही, नवीन कंपनीनेच तो ओढून घ्यायचा असतो. जुनं बिल थकलेलं नको. नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे अक्षरशः तीच हवी, 'बाळकृष्ण' आणि 'बाळकृष्णा' एवढ्यावर अर्ज परत येतो. बँकेचं महत्त्वाचं काम असलेला दिवस टाळा. चौघांचे नंबर एकाच दिवशी नेऊ नका, घरात एक तरी फोन चालू हवा.

आणि हो, 'मला सोडून जायचंय' म्हटलं की जुनी कंपनी अचानक प्रेमळ होईल. तो विभागच वेगळा असतो, तिथला फोन सगळ्यात लवकर उचलला जातो आणि सूट द्यायचा अधिकारही त्यांनाच. घ्यायची असेल तर घ्या, पण लेखी.

उंबरठा

शेवटचा अहवाल, मग तुमची सुटका.

मुलगी आणि बायको गेल्या आठवड्यात नव्या कंपनीत गेल्या. बायकोचा अर्ज एकदा परत आला, लग्नाआधीच्या आडनावामुळे. मी मासिक बिल घेतलं, कराराशिवाय, फोन जुनाच. व्हिडिओचा वेग रात्रीच घसरतो, म्हणजे गर्दी.

बाबांचं अडलं. चॅटवर आयएमईआय दिला, उत्तर आलं की या मॉडेलवर आमचे ४जी कॉल चालणार नाहीत. नवा फोन घेऊन देतो म्हटलं तर बाबा तयार नाहीत. शिवाय जुन्या कंपनीवर त्यांचा राग नाहीच, राग माझा होता! म्हणाले, 'माझं राहू दे. ह्यांचं मला माहीत झालंय. काही दाबायचं नाही, गप्प बसायचं, मग माणूस येतो. नव्यांचं कुठे शिकत बसू?'

मी पाच कॉलमध्ये प्रत्येकी सात बटणं दाबली होती.

हेडफोनवाली

बाबांना माझा नमस्कार सांगा. बटणं नसलेल्या, तबकडी फिरवायच्या फोनवाल्यांसाठी ती वाट ठेवलेली असायची. काहीच दाबलं नाही की कॉल माणसाकडे. पुष्कळ ठिकाणी ती नंतर बुजवली. तुमच्या जुन्या कंपनीत राहून गेलेली दिसते. कुणाला सांगू नका.

नुसताच_वाचक

धाग्यावर लिहिलंत की.